पिंपाची जागा

"सही इथं खाली करा, काका. तारीख मी टाकतो."

हितेंद्रने कागद स्टुलावर ठेवला आणि टोपण काढून पेन पुढे केले. जयवंत धुरीने चष्मा लावला. कागद टाइप केलेला होता. वर चाळ कमिटीचा शिक्का होता आणि खाली 'मयताचे पती' असे लिहून पुढे टिंबे टाकली होती. जयवंत एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेला. आदल्या दिवशीच सरोजिनीचे तेरावे झाले होते. पाहुण्यांसाठी काढलेल्या गाद्या अजून कोपऱ्यात तशाच होत्या. मुलगी, अनुजा, सकाळीच बदलापूरला आपल्या घरी गेली होती.

"इथं पंचेचाळीस मिनिटं लिहिलंय," जयवंत म्हणाला.

"हो. अॅम्ब्युलन्स पंचेचाळीस मिनिटांनी आली. म्हणून तर तक्रार करतोय."

"सतरा मिनिटांत आली."

"काका, अख्ख्या मजल्यानं बघितलंय किती वेळ गेला ते."

"आठ बेचाळीसला मी फोन लावला. आठ एकोणसाठला गाडी गेटवर. मी घड्याळ बघितलं."

जयवंतने परळच्या एका सरकारी हॉस्पिटलात चौतीस वर्षे वॉर्डबॉयची नोकरी केली होती. माणूस कसल्याही अवस्थेत आत येवो, आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, ही तिथली सवय. बायको समोर छाती धरून बसली होती तेव्हाही त्याची मान आपोआप घड्याळाकडे वळली होती.

हितेंद्र चाळ कमिटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. तेराही दिवस तो रोज येऊन बसून जात होता. तो म्हणाला, "असं मिनिटं धरून बसलात तर झालंच. आपण जरा जोर लावला पाहिजे, काका. आज काकी गेल्या, उद्या आणखी कोणी."

"गाडी आठ एकोणसाठला आली. सरू खाली पोचली नऊ वीसला. मधली एकवीस मिनिटं कुठं लिहिलीयस?"

हितेंद्रने कागद स्वतःकडे वळवला.

"ती लिही. बाहेर माझं पिंप होतं ते लिही. मग सही करतो."

"पिंपं काय, सगळ्यांचीच आहेत."

"आड माझं आलं." जयवंतने टोपण लावून पेन परत केले. "ती दोन पोरं जिना धावत चढली रे. त्यांच्या पोटावर मी पाय देणार नाही."

हितेंद्रने कागदाची घडी केली. "बघा बुवा. आम्ही तुमच्यासाठीच करत होतो," असे म्हणून तो उठला. दाराबाहेर पडताना त्याने न बघता खांदा मागे घेतला, तिरका झाला आणि पिंपाला वळसा घालून जिना उतरला.

करी रोडच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिना संपला की पहिली खोली जयवंतची. त्याच्या पलीकडे अशाच नऊ खोल्या, आणि सगळ्यांसमोरून जाणारी एकच अरुंद गॅलरी. चाळीच्या जागी टॉवर होणार हे गेली चौदा वर्षे ठरलेले होते. त्यामुळे चौदा वर्षांत चाळीवर कोणी धड खिळाही ठोकला नव्हता. 'आता काय, टॉवरमध्येच जायचंय' असे म्हणत खोलीत मावेना ते ज्याने त्याने गॅलरीत काढले होते. चपलांची कपाटे, वॉशिंग मशीन, जुन्या सायकली, आणि प्रत्येक दारात पाण्याचे पिंप. जयवंतचे पिंप निळे होते, दोनशे लिटरचे. ते जिन्याच्या तोंडाशी भिंतीला लागून होते. अकरा वर्षांपूर्वी ते त्यानेच आणले होते आणि जागाही त्यानेच निवडली होती. खोलीत ठेवले असते तर सरोजिनीची कॉट बसली नसती.

तेरा दिवसांपूर्वीच्या त्या सकाळी तो साडेपाचला उठला होता. पाणी साडेपाचला येते. नळाला पाइप लावून त्याने पिंप काठोकाठ भरले, झाकण ठेवले, चहा केला. पावणेनऊच्या सुमाराला सरोजिनी पोळ्या लाटता लाटता भिंतीला टेकून बसली. तिच्या ओठांचा रंग बघून जयवंतने फोन लावला.

अॅम्ब्युलन्सची पोरे दोघे होती. रिकामे स्ट्रेचर उभे धरून ती वर आली. भरलेले स्ट्रेचर उभे धरता येत नाही. सरोजिनीला त्यावर घेतले, पट्टे लावले, दाराबाहेर काढले, आणि जिन्याकडे वळवताना ते पिंपाला अडले. पुढच्याने मागे घेतले, पुन्हा घातले. वीतभर जागा कमी पडत होती.

"काका, हे पिंप हटवा."

जयवंतने आणि शेजारच्या वैभवने जोर लावला. पिंप तसूभर हलले नाही.

"सांडून टाका मग. लवकर!"

आणि जयवंत म्हणाला, "थांबा, बादल्या आणतो."

हे कोणालाच विचित्र वाटले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतून बादल्या आल्या, कळश्या आल्या, पातेली आली. बायकापुरुषांनी रांग धरली. जो तो मदत करत होता. पाणी हातोहात घराघरांत जात होते आणि एक थेंब वाया जात नव्हता. ती अॅम्ब्युलन्सची पोरे तोंडाकडे बघत राहिली. सरोजिनी स्ट्रेचरवर मान वळवून ती रांग बघत होती. एकदा तिने हात उचलला. काही सांगायचे असावे. जयवंत तेव्हा पिंपात वाकला होता.

पिंप हलण्याइतके रिकामे झाले तेव्हा नऊ सतरा झाले होते. नाक्यावरच्या सिग्नलला, हॉस्पिटल चार मिनिटांवर असताना, ती गेली. हॉस्पिटलात सगळे ओळखीचे. डॉक्टर नवा होता. तो म्हणाला, "थोडं आधी आणायला हवं होतं." जयवंतने चौतीस वर्षांत हे वाक्य शेकडो लोकांना ऐकताना बघितले होते. ऐकणारे लोक काय करतात हे त्याला माहीत होते. ते मान हलवतात. त्यानेही हलवली.

हितेंद्र कागद घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंतने साडेपाचला नेहमीसारखे पिंप भरले. मग झाकण न ठेवता तो खोलीत जाऊन बसला. पावणेनऊ वाजले तेव्हा बाहेर आला. भिंतीला पाठ लावून, बूड टेकून, दोन्ही तळपाय त्याने पिंपाच्या वरच्या काठाखाली रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. पहिल्यांदा पिंप नुसते डुचमळले. दुसऱ्यांदा कलले. तिसऱ्यांदा गेले.

पाण्याचा लोट जिन्यावरून धडधडत खाली गेला, अर्धा गॅलरीत पसरला, उंबऱ्यांवरून खोल्यांत शिरला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी आईवरून शिवी दिली. बायका ओरडत बाहेर आल्या. जयवंत ओल्या लादीवर तसाच बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

चौदा सेकंद. पिंप पूर्ण रिकामे व्हायला चौदा सेकंद लागले होते.

दोन खोल्या सोडून पलीकडे तात्या राहत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, मिलमध्ये गेलेले आयुष्य, मिल बंद पडल्यावर वॉचमनकी. मुंबईत जन्म काढला तरी बोलणे मालवणचेच. लुंगी गुडघ्यापर्यंत वर धरून ते पाण्यातून आले.

"अरे जयवंता! माझ्या घरात तळा झाला हा! ह्या काय चलवलंस?"

जयवंतने वर बघितले. "चौदा सेकंद लागले, तात्या."

"कसले चौदा?"

"सांडायला. मी बादल्या आणल्या."

तात्यांच्या मागे त्यांची बायको गंगुबाई केरसुणी घेऊन आली होती. तिच्या तोंडात मोठा शिव्यांचा पट्टा तयार होता. तो तिने गिळला आणि खाली वाकून पाणी जिन्याकडे लोटायला लागली. तात्या थोडा वेळ उभे राहिले.

"आमी पण बादल्ये दिले मरे," ते हळू म्हणाले. "मीच दोन दिले."

"पिंप माझं होतं."

त्या दुपारी जयवंतने करवतीने पिंप उभे कापले आणि दोन्ही तुकडे भंगारवाल्याला देऊन टाकले. जिन्याच्या तोंडाशी लादीवर एक गोल राहिला. अकरा वर्षांपूर्वी होती तशी लाल लादी, त्या गोलापुरती. गॅलरीत दुसरीकडे ती झिजून पांढरी पडली होती. वर येणारी माणसे तरीही त्या गोलाला वळसा घालूनच येत राहिली. जयवंतही.

अडचण एवढ्याने संपणार नव्हती. सरोजिनीची खोली पहिली होती, म्हणून तिच्या आड फक्त एक पिंप आले. शेवटच्या खोलीतले माणूस पडले तर त्याला नऊ दारांचे सामान ओलांडावे लागणार होते. जयवंतने हॉस्पिटलच्या स्ट्रेचरचे माप पाठ असल्यासारखे आठवले. गणपतीच्या मंडपाचे बांबू चाळीच्या मागे पडलेले होते. त्यातले दोन लांब त्याने घेतले, आडवे तीन तुकडे कापले, काथ्याने आवळून बांधले आणि सांगाडा खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर आला.

गंगुबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने बघितले आणि ताट टाकून उभी राहिली.

"अगो बाये माझे! ही तिरडी कोणाची?"

तेव्हा जयवंतच्या लक्षात आले. बांबू, काथ्या, आडव्या काठ्या. हॉस्पिटलात स्ट्रेचर स्टीलचे असते. त्याला मापाखेरीज काही दिसलेच नव्हते.

"तिरडी नाही, वहिनी. स्ट्रेचरचं माप आहे. एवढं जायला पाहिजे इथून."

"माप घ्यायला टेप मिळत नाय? भरल्या घरात काय घेऊन फिरतोस?"

"टेपनं कळत नाही. वळवताना कळतं."

सांगाडा बदलावा असे त्याच्या मनात आले. पण मग त्याने तो तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला तो शेवटच्या खोलीपासून जिन्यापर्यंत ते माप हातात आडवे धरून चालायला लागला. मागचे टोक धरायला कोणी नसे, म्हणून त्याने मागच्या बाजूला सरोजिनीच्या भाजीच्या पिशवीची दोन चाके लावली होती. कोणाला तो काही सांगत नसे. माप अडले की तो थांबे आणि ज्याच्या दारात अडले त्याने बाहेर येईपर्यंत तसाच उभा राही.

"आलं, आलं, यमाचं पार्सल आलं," अठ्ठावीस नंबरची प्रिती म्हणायची. ती एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती आणि तिची जीभ चाळीत प्रसिद्ध होती. "काका, होम डिलिव्हरी आहे का? सासूबाईंचं बुकिंग करायचंय."

"मशीन अडतंय," जयवंत म्हणाला.

"मग काय डोक्यावर घेऊ? आत पाय ठेवायला जागा नाही."

"माझ्याकडे ठेव. माझ्याकडे जागा झालीय."

संध्याकाळी प्रितीचे वॉशिंग मशीन जयवंतच्या खोलीत आले, सरोजिनीची कॉट होती त्या जागेवर. कॉट त्याने काढून टाकली होती. माळ्यावरची सरोजिनीची ट्रंक उतरवून त्याने साड्या अनुजाकडे पाठवल्या आणि माळ्यावर सव्वीस नंबरची सायकल चढवली. तेवीसचे चपलांचे कपाट ओट्याखाली आले. एकेक करून सहा घरांचे सामान त्याच्या खोलीत आले. काहींनी आपापल्या घरात जागा केली. काहींनी इतकी वर्षे ठेवलेले उघडून बघितले आणि टाकून दिले. दोन महिने लागले. अनुजा एकदा येऊन गेली तेव्हा तिला बसायला जागा नव्हती.

"बाबा, हे घर आहे की गोडाऊन?"

"झोपायला पुरतं मला."

"दुसऱ्यांचं सामान तुम्ही का सांभाळायचं? कमिटी आहे ना? बिल्डर आहे ना?"

"आहेत ना," जयवंत म्हणाला. "ते आहेतच." आणि त्याने मशीनवर वर्तमानपत्र अंथरून तिला चहा दिला.

तिने चहा घेतला आणि आईच्या फोटोकडे बघत राहिली. जाताना ती म्हणाली, "आईला दम लागत होता तेव्हा काही बोलली का हो ती?"

जयवंतने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळले नाही.

शेवटी एकच गोष्ट उरली. तात्यांचे कपाट. सागवानी, पुरुषभर उंच, तात्यांच्या वडिलांनी गिरणीच्या पहिल्या बोनसात घेतलेले. आता त्यात तात्यांचा मृदंग, टाळ आणि जुने कपडे होते. गॅलरीच्या मधोमध, जिथे खांबामुळे आधीच जागा कमी, तिथे ते उभे होते. जयवंतचे माप रोज तिथे अडायचे आणि तात्या रोज दारातून मजा बघायचे.

"अडला?"

"अडलं."

"तुझ्या मापाक आग लाव. माझा कपाट कोणाच्या आड येणा नाय. साठ वर्षां उभा हा. ह्या घरातसून माझ्या बापाशीक न्हेलंय, आयेशीक न्हेलंय. कोण अडला? सांग कोण अडला?"

"ती मेलेली होती, तात्या."

"मगे?"

जयवंतने माप भिंतीला टेकवले. हे त्याला कसे सांगावे कळत नव्हते. तो बोलायला कच्चा होता. "मेलेलं माणूस आपण खांद्यावर घेतो. कपाटाच्या बाजूनं, पिंपाच्या वरनं, कसंही जातं. तिरकं केलं तरी चालतं. जिवंत माणूस हातातच धरावं लागतं. सरळ." तो थांबला. "सरूला वर आणली अंघोळीला, तेव्हा कुठं अडली नाही. खाली नेली तेव्हाही नाही. त्या सकाळीच तेवढी अडली. आपल्या गॅलरीतनं मेलेलं माणूस आरामात जातं. जिवंत जात नाही."

तात्यांनी तंबाखू चोळता चोळता हात थांबवला. मग ते एकदम हसले. "बरां. जिवंत जाता की नाय ता बघूया. मी झोपतंय त्येच्यार."

रविवारची दुपार होती. तात्यांचा मुलगा वैभव घरी होता, हितेंद्र होता, प्रितीचा नवरा होता. तात्यांना गंमत करायची लहर आली की चाळीत कोणाचे चालत नसे. जयवंतने सांगाड्यावर सतरंजी घट्ट बांधली. गंगुबाई धावत आली.

"अवो, उठा थंयसून! जिताजागता माणूस तिरडीर झोपता? ह्येंका येड लागला काय? जयवंत, तू तरी नको म्हण रे!"

"गप रव गो," तात्या आडवे होत म्हणाले. "जयवंत माका हॉस्पिटलात न्हेता. फुकट राइड."

चौघांनी उचलले. पोरेटोरे टाळ्या वाजवायला लागली. प्रितीने मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. तात्यांनी झोपल्या झोपल्या अभंगाचा ठेका धरला, मांडीवर थाप मारत. खांबापर्यंत आले आणि माप अडले.

"तिरपा करा," तात्या म्हणाले.

त्यांनी तिरपे केले. तात्या कपाटाच्या बाजूला घसरले आणि त्यांनी घाबरून बांबू धरला.

"मागे घेवा."

मागे घ्यायला मागच्यांच्या पाठीशी कठडा होता. तात्या कपाटाच्या आणि कठड्याच्या मधे, कमरेच्या उंचीवर लटकून राहिले. त्यांचे नाक कपाटाच्या फळीपासून चार बोटांवर होते. साठ वर्षे त्यांनी ते कपाट उभ्याने बघितले होते. खालून, आडवे पडून, पहिल्यांदाच बघत होते. ठेका थांबला. टाळ्या अजून चालू होत्या. मग त्याही थांबल्या.

"किती मिनिटां झाली?" तात्यांनी विचारले.

जयवंतने घड्याळ बघितले. "दोन."

"आणि सरोजिनी एकवीस होती."

"एकवीस सगळी मिळून. अडून तेरा."

तात्या काही वेळ फळीकडे बघत राहिले. "खाली घेवा माका," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांना खाली ठेवले. उठताना त्यांनी जयवंतचा हात धरला आणि तो धरूनच ते घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट रिकामे करून तात्यांनी स्वतः जयवंतला हाक मारली. ते खोलीत मावेना म्हणून त्याचे पाय कापावे लागले. जयवंतच्या खोलीत ते बसले तेव्हा जयवंतला झोपायला कपाट आणि मशीन यांच्यामधली जागा उरली.

"बापाशीचे पाय कापले तुझ्यासाठी," तात्या म्हणाले.

त्या दिवशी दहा वाजता माप शेवटच्या खोलीपासून जिन्यापर्यंत कुठेही न अडता गेले. जयवंतने काथ्या सोडला आणि बांबू खाली मंडपवाल्याच्या ढिगात टाकून आला.

तात्यांना झटका आला तो त्यानंतर साडेपाच आठवड्यांनी. बुधवारी दुपारी, जेवता जेवता. वैभव ऑफिसात होता. गंगुबाईची किंकाळी ऐकून जयवंत गेला तेव्हा तात्या ताटावर वाकले होते आणि मुंग्या आल्यासारखा डावा हात झटकत होते. जयवंतने घड्याळ बघितले. एक दहा.

या वेळी गाडीला एकवीस मिनिटे लागली. सरोजिनीच्या वेळेपेक्षा चार जास्त. जयवंतने तोपर्यंत तात्यांना पाठीशी उशा देऊन टेकवून ठेवले, बटणे सोडली, खिडकी उघडली. त्याच्या हातांना सगळे येत होते.

स्ट्रेचर वर आले. तात्यांना घेतले, पट्टे लावले. दाराबाहेर काढले. खांबाजवळून गेले, जिन्याच्या तोंडाशी आले, लाल गोलावरून पुढचे चाक गेले, वळले, उतरले. चार मिनिटे. मजल्यावरच्या सगळ्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या आणि कोणाला काही करायची गरज नव्हती. प्रितीने तोंडावर पदर धरला होता. जिना उतरताना तात्यांनी डोळे उघडले आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून जयवंतकडे बघत काहीतरी म्हणाले. जयवंत वाकला.

"गेलंय मरे," तात्या म्हणत होते. "अडलंय नाय."

ते पाच दिवस जगले. सोमवारी सकाळी गेले.

वैभवने जयवंतला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर गाठले. त्याचे डोळे सुजलेले होते. "काका, मी काही बोलणार नव्हतो. पण तुम्ही त्यांना त्या तिरडीवर झोपवलंत. सगळे म्हणतायत. आई तेव्हाच नको नको म्हणत होती."

शेजारी हितेंद्र उभा होता. तो म्हणाला, "अरे जाऊ दे, वैभव. तात्या स्वतःच झोपले होते."

"सांगाडा कोणी बांधला?"

"मी बांधला," जयवंत म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. मी बांधला. नको म्हणायचं होतं, ते मी म्हटलं नाही."

वैभव त्याच्याकडे बघत राहिला. भांडायला समोर काहीतरी लागते, ते त्याला मिळेना. तो रडायला लागला आणि हितेंद्रने त्याला बाजूला नेले.

तात्यांना घरी आणले. अंघोळ घातली. खाली अंगणात मंडपवाल्याच्या ढिगातून बांबू काढले. जयवंतने ते ओळखले. त्यांच्या टोकांना त्याच्या करवतीच्या खुणा होत्या. त्याने बसून काथ्या आवळला. त्याला गाठी चांगल्या येत होत्या. मग तिरडी वर नेऊन तात्यांना तिच्यावर ठेवले.

उचलायच्या आधी गंगुबाईने सगळ्यांना थांबवले. ती तात्यांच्या पायाशी बसली होती. तिने जयवंतकडे बघितले. ती आता काय बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"पाच दिवस बोलत होते माझ्याशी," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून इतके बोलले नाय. गावच्या घराचा बोलले, वैभवाचा बोलले. माका म्हणाले, तुझ्या हातचा बांगड्याचा तिकला मागे खाल्लंय ता बरा होता." तिने पदराने नाक पुसले. "तुझी सरू एक शब्द नाय बोलूक गावली रे, जयवंत."

जयवंतने मान खाली घातली. "हात वर केला होता तिनं," तो म्हणाला. इतक्या दिवसांत हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितले. "मी पिंपात होतो."

मग त्यांनी उचलले. हातात धरून नेले तरी चालले असते, गॅलरी भिंतीपासून कठड्यापर्यंत मोकळी होती. पण सवयीने सगळ्यांनी खांद्यावर घेतले. पुढे वैभव, हातात मडके. त्याच्या मागे भिंतीच्या बाजूला जयवंत, कठड्याच्या बाजूला प्रितीचा नवरा, मागे हितेंद्र आणि आणखी एक जण. खांबाजवळ आले तेव्हा जिथे कपाट नव्हते तिथे सगळे अंग चोरून गेले.

जिन्याच्या तोंडाशी वैभवने मडके छातीशी धरले, खांदा मागे घेतला आणि लाल गोलाला वळसा घातला. प्रितीचा नवरा त्याच्यामागे वळला. मागून हितेंद्र तिरका झाला.

जयवंत वळला नाही. तो त्या लाल लादीवर पाय ठेवून सरळ गेला. तिरडी क्षणभर एका बाजूला झुकली आणि तात्यांचे सगळे वजन त्याच्या खांद्यावर आले. त्याने बांबूखाली दुसरा हात दिला, थांबला, बाकीचे तिघे पुन्हा खांद्याला लागेपर्यंत धरून ठेवले. मग पहिली पायरी उतरला.